चहाचं परीक्षण करा, अत्तराचं नको

अर्ल ग्रेची परीक्षणं वाचली की मला एकच प्रश्न पडतो: यात चहा कुठे आहे? ‘सिट्रसी’, ‘फ्लोरल’, ‘एलिगंट’, ‘बर्गमॉट मस्त खुललाय’, ‘बर्गमॉट जरा अंगावर येतो’. पाच डबे, पाच फोटो, पाचांना तारे. पान आसामचं, नीलगिरीचं की केनियाचं, अख्खं की चुरा, कधी खुडलेलं, यावर सगळ्या परीक्षणात एक ओळ नसते. पाच बिर्याण्यांची तुलना नुसत्या केवड्याच्या वासावर करावी, तांदूळ शिजलाय का आणि मटण कसं आहे हे विचारूच नये, तसा हा प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. बर्गमॉटच्या चहांची सध्या जी तुलना चालते ती चहाची नसते, अत्तराची असते. आणि या सवयीचा फायदा फक्त एकाला होतो: साधारण पत्तीला वास लावून ती असाधारण किमतीला विकणाऱ्याला.

‘अत्तर’ हा शब्द मी चिडून वापरत नाहीये. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ. इटलीच्या बुटाचं जे टोक आहे, त्या कॅलाब्रिया प्रांतात, रेज्जो कॅलाब्रियाच्या किनारपट्टीवर ते होतं, आणि जगातलं बहुतेक बर्गमॉट तेल तिथूनच येतं. फळ आंबट आणि कडू, मोसंबीसारखं सोलून खायचं नाही. किंमत असते ती सालीतल्या तेलाला. अठराव्या शतकापासून ‘ओ द कोलोन’ या अत्तराचा हा एक मुख्य घटक आहे. चहात आला तो नंतर.

ज्यांनी कधी घेतला नसेल त्यांच्यासाठी: मोसंबीच्या सालीला नख लावा, शेजारी मूठभर धने चुरडा, आणि दोन्ही एकदम हुंगा. बर्‍यापैकी जवळ पोचाल. धन्याच्या तेलातला मुख्य रेणू लिनालूल, आणि बर्गमॉटच्या तेलातही लिनालूल, लिनालिल ॲसिटेट आणि लिमोनीन हेच मोठे खेळाडू. गंमत म्हणजे काळ्या चहाच्या स्वतःच्या सुगंधातही लिनालूल असतं. म्हणून ही जोडी जुळते. चांगल्या पत्तीवर बेताचा बर्गमॉट म्हणजे गायकाच्या मागचा तानपुरा. माझी तक्रार बर्गमॉटबद्दल नाहीच. तक्रार आहे ती तानपुऱ्याचा आवाज वाढवून गायकाला घरी पाठवणाऱ्यांबद्दल.

लॉर्डसाहेबांचा संबंध काय?

डब्याच्या मागे एक गोष्ट छापलेली असते. ब्रिटनचे पंतप्रधान चार्ल्स ग्रे, त्यांनी किंवा त्यांच्या माणसाने एका चिनी मँडरिनच्या मुलाचा जीव वाचवला, कृतज्ञ बापाने चहाची गुप्त कृती भेट दिली, वगैरे. ग्रे आयुष्यात कधी चीनला गेले नाहीत. १८४५ मध्ये ते वारले. ‘अर्ल ग्रे’ नावाच्या चहाच्या जाहिराती दिसतात त्या १८८० च्या दशकात.

मग चहाला बर्गमॉट लावायला सुरुवात का झाली? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी काही वर्षांपूर्वी याचा माग काढला. त्यांना सापडलेला जुना उल्लेख १८२४ चा, आणि त्यात बर्गमॉटचा उपयोग काय सांगितलाय? हलक्या प्रतीच्या चहाची चव सुधारणं. १८३७ मध्ये ब्रॉक्सॉप नावाच्या कंपनीवर आरोप झाला की ती इंग्लंडातच चहाला बर्गमॉटचा कृत्रिम वास लावून विकते. म्हणजे ज्याला आज खानदानी म्हणून मिरवतात, ते तेव्हा भेसळीच्या बातम्यांमध्ये होतं. पुढे त्याच युक्तीला एका लॉर्डचं नाव चिकटलं आणि ती परंपरा झाली.

ग्रे यांचा चहाशी खरा संबंध आहे, पण तो डब्यावर छापत नाहीत. ते १८३० ते १८३४ पंतप्रधान होते. त्यांच्याच सरकारच्या काळात १८३३ चा सनदी कायदा झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारावरची, म्हणजे मुख्यतः चहावरची मक्तेदारी संपली. चीनवरची पकड सुटल्यावर चहा दुसरीकडे पिकवण्याची निकड वाढली. १८३४ मध्ये बेंटिंकने कलकत्त्यात चहा समिती नेमली, १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. ग्रे यांच्या नावाने चहा प्यायचाच असेल तर ही गोष्ट जास्त खरी आहे. पण त्यात मँडरिन नाही, मळ्यांवर कंत्राटाने बांधून आणलेले मजूर आहेत. मार्केटिंगवाल्यांना ती कशी चालेल?

दोन नावांना पहारा, तिसरं मोकाट

‘दार्जिलिंग’ हे नाव कोणालाही वापरता येत नाही. २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं ते भारतातलं पहिलं उत्पादन. रेज्जो कॅलाब्रियाच्या बर्गमॉट तेलालाही युरोपात २००१ पासून तसंच संरक्षण आहे. म्हणजे पानाच्या नावाला पहारा, तेलाच्या नावाला पहारा. पण दोन्ही एकत्र केल्यावर तयार होणाऱ्या ‘अर्ल ग्रे’ या नावाला कसलंही बंधन नाही. पान कुठलं, बर्गमॉट किती, तो फळातला की कारखान्यातला, यातलं काहीही त्या नावातून ठरत नाही. कोणत्याही चुऱ्यावर कोणताही लिंबूसारखा वास मारा, नाव अर्ल ग्रेच.

याला पुरावा हवा असेल तर २०११ चं प्रकरण आठवा. ट्वायनिंग्जने आपल्या अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट वाढवला, लिंबाची छटा घातली, आणि ब्रिटनमधले जुने गिऱ्हाईक खवळले. कंपनीला जुनी चव ‘क्लासिक’ म्हणून परत आणावी लागली. दोन्ही डबे अर्ल ग्रे, दोन्ही बरोबर. भांडण पेटलं तेसुद्धा सुगंधाच्या मात्रेवरून.

आता पाकीट उलटं करा. आपल्याकडे अशा चहावर ‘फ्लेवर्ड टी’ असं छापावं लागतं, आणि फ्लेवर नैसर्गिक, कृत्रिम की ‘नेचर आयडेंटिकल’ हेही सांगावं लागतं. पुढच्या बाजूला कापलेल्या बर्गमॉटचं चित्र, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘नेचर आयडेंटिकल’. म्हणजे रेणू फळातल्यासारखा, बनवलाय मात्र कारखान्यात. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट दोन्ही कारखान्यात स्वस्तात बनतात. फरक पकडता येतो: फळातले हे रेणू जवळजवळ सगळे एकाच ‘हाताचे’ असतात, कारखान्यातले साधारणपणे डावे-उजवे निम्मे निम्मे. पण ते पकडायला प्रयोगशाळा लागते आणि गिऱ्हाइकाच्या खिशात गॅस क्रोमॅटोग्राफ नसतो.

कारखान्यातला रेणू विष नसतो, हे मला माहीत आहे. ‘केमिकल’ म्हणून किंचाळणाऱ्यांतला मी नाही. ‘स्टार ट्रेक’मधला कॅप्टन पिकार्ड तर यंत्रातून अणुरेणू जुळवून केलेला अर्ल ग्रे पितो, आणि त्याच्यासमोर कोणी कॅलाब्रियाच्या बागेचा फोटो धरत नाही. माझा आक्षेप फोटोला आहे आणि फोटोच्या किमतीला आहे.

एक रविवार, चार माणसं

नुसतं बोलून काय होणार, म्हणून आम्ही चार जण एका रविवारी बसलो. हे काही संशोधन नव्हे. एक स्वयंपाकघर, एक वजनकाटा, मोबाइलचा टायमर. पण आमच्या धंद्यात एक शिस्त असते: दोन गोष्टींची तुलना करायची तर बाकीचं सगळं सारखं ठेवायचं आणि एक कोरा नमुना शेजारी ठेवायचा. अर्ल ग्रेच्या परीक्षणांत हा कोरा नमुना कधीच नसतो.

चहा करायला आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक घेतलं. होय, चहा कसा करावा याचं मानक आहे, १९८० चं. दर १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, ६ मिनिटं, पोर्सेलीनचं भांडं. त्याच्या ब्रिटिश भावंडाला १९९९ मध्ये इग्नोबेल मिळालं आणि सगळे हसले. पण या मानकाचा हेतू उत्तम चहा करणं हा नाहीच. तुलना करता येईल असा चहा करणं हा आहे. आमच्या भाषेत, बेंचमार्क.

नमुने असे: सुपरमार्केटमधल्या टी-बॅगा, त्याच्या सातपट भावाचा एक देखणा डबा, नीलगिरीतल्या एका मळ्याचा अर्ल ग्रे, एक ‘दार्जिलिंग अर्ल ग्रे’. आणि कोरा नमुना म्हणून त्याच नीलगिरीच्या मळ्याचा बिनवासाचा चहा. कपांवर फक्त आकडे, कोणता कुठला हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक.

गरम असताना सगळ्यात उग्र वासाचा कप सगळ्यांना ‘प्रीमियम’ वाटला. तो टी-बॅगचा होता.

मग थांबलो. चहा कोमट होऊ दिला. सुगंध वाफेवर बसून येतो. वाफ कमी झाली की दरवळ उतरतो आणि जिभेवर उरतं ते पान. टी-बॅगचा कप आता नुसता कडू, घशाला कोरड पाडणारा. डब्यातला सपाट, रंग दाट पण आत काही नाही. दार्जिलिंगचा पाण्यासारखा: मुळातलं नाजूक पान बर्गमॉटखाली चेंगरलेलं. नीलगिरीचा तेवढा ताठ उभा होता, तुरट पण स्वच्छ, आणि शेजारच्या कोऱ्या कपाशी त्याचं नातं कळत होतं. वास काय घालतोय आणि पान काय देतंय, हे वेगळं काढता आलं ते फक्त तिथे, कारण तिथे कोरा नमुना होता.

मग दुसरं पाणी. तीच पत्ती, पुन्हा उकळतं पाणी. वास पानाला वरून लावलेला असतो, त्यामुळे त्यातला बराचसा पहिल्या पाण्यातच निघून जातो. दुसऱ्या पाण्यात अर्ल ग्रेचा मेकअप उतरतो. नीलगिरीचा दुसरा कप मी आनंदाने प्यायलो. डब्यातल्या चहाचा दुसरा कप बेसिनमध्ये गेला.

एका मित्राला तरीही खात्री होती: ‘गरम असताना तो डबा आणि टी-बॅग मी डोळे मिटून ओळखेन.’ यासाठीही जुनी रीत तयार आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाई म्हणत की दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्यावरून प्रयोग रचला आणि तो १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या पुस्तकामुळे अजरामर झाला. आठ कप, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम विस्कटलेला. चार कप निवडायचे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. आमच्या मित्राने निवडलेल्या चारांपैकी दोन बरोबर निघाले. नुसत्या अंदाजाने नेमके दोन येण्याची शक्यता ७० त ३६, म्हणजे निम्म्याहून जास्त. सातपट किंमत, आणि उत्तर नाणं उडवल्यासारखं.

एका माणसाच्या आठ कपांवरून जगाचा निकाल लागत नाही. पण परीक्षण लिहिणाऱ्यांनी एवढे तरी कष्ट घ्यावेत ना? उघड्या डब्यासमोर बसून, किंमत ठाऊक असताना ‘एलिगंट’ लिहिणं सोपं असतं.

‘पण मग आपला मसाला चहा?’

हा प्रश्न हमखास येतो. आपणही आलं, वेलची, गवती चहा घालतोच की. सीटीसीच्या चुऱ्यावर दूध-साखरेचा मारा करून पान लपवतो. मग अर्ल ग्रेवरच राग का?

लपवतो, मान्य. आणि म्हणूनच मला उलटा प्रश्न विचारायचाय: अमृततुल्यच्या चहाला ‘साखरेचं पाणी’ म्हणून नाक मुरडणारे अर्ल ग्रेसमोर करंगळी का वर करतात? दोन्हींचा उगम एकच आहे: हलकी पत्ती प्यायला सोपी करणं. गवती चहात सिट्रल असतं, तोच लिंबाचा वास. म्हणजे लिंबाच्या वासाचा काळा चहा आपल्या आज्यांनी परसातली पात कापून रोज केला, आणि त्याला कुठल्या सरदाराचं नाव दिलं नाही.

फरक प्रामाणिकपणाचा आहे. टपरीवर आलं तुमच्यासमोर ठेचलं जातं. दूध किती, साखर किती, दिसतं. दहा-पंधरा रुपयांत तो कोणत्याही पानाचा मोठेपणा सांगत नाही. अर्ल ग्रेचा डबा नेमका तोच मोठेपणा विकतो आणि पानाचं नाव मात्र सांगत नाही.

‘ज्याला जे आवडतं ते प्यावं, यात वाद कसला?’ असंही कोणी म्हणेल. प्या की. मीही पितो. पण आवड आणि परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षण वाचून कोणी पैसे खर्च करणार असेल तर लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते.

आणि पैसे कुठे जातात हेही बघा. मागच्या वर्षी एका कॅफेत अर्ल ग्रेच्या एका किटलीचे मी २६० रुपये दिले. पत्ती कुठली, असं विचारलं. उत्तर आलं, ‘इम्पोर्टेड आहे सर.’ कुठून, ते त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांवर पानं खुडणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये २५० रुपये ठरली. माझ्या किटलीतलं पान आसामचं होतं की नव्हतं, हे मला कळायला मार्गच नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. भारतातला जवळपास निम्मा चहा आज छोटे शेतकरी पिकवतात. त्यांच्यातला एखादा जीव तोडून दोन पानं आणि एक कळी खुडून चांगला चहा करतो, तेव्हा त्याला चांगला भाव मिळण्याचा एकच रस्ता असतो: पिणाऱ्याला पानातला फरक कळणं. आपण फक्त वासाला तारे देत राहिलो तर बाजाराला निरोप जातो की पान कसंही चालेल, फवारा चांगला मारा. मग चांगलं पान करण्याचा खटाटोप कोणी का करावा?

म्हणून परीक्षण लिहिणाऱ्यांकडे माझ्या मागण्या आहेत, फार नाहीत. पान कुठलं, ते लिहा. डब्यावर नसेल तर ‘डब्यावर नाही’ असं ठळक लिहा आणि त्याचे गुण कापा. फ्लेवर नैसर्गिक की नेचर आयडेंटिकल, पाकिटाच्या मागून उतरवून घ्या, त्याला दहा सेकंद लागतात. शेजारी एक बिनवासाचा कप ठेवा. गरम, कोमट आणि दुसरं पाणी, तिन्ही चाखा. किंमत शेवटी बघा.

आणि विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, निदान एवढं करावं: जो मळा आपला साधा चहाही नावानिशी विकतो, त्याचाच अर्ल ग्रे घ्यावा. ज्याला आपलं पान उघडं दाखवायची लाज वाटत नाही, त्याच्या बर्गमॉटवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढच्या वेळी कोणी पाच अर्ल ग्रेंची तुलना टाकली, तारे वाटले, ‘एलिगंट’ लिहिलं, तर खाली फक्त एवढं विचारा: दुसरं पाणी कसं लागलं?